गंगाराम मास्तरांचा कळप

श्रावणातल्या एका सोमवारी गंगाराम मास्तरांनी हजेरीपट उघडला आणि एकतीस नावं वाचली. 'हजर' असं उत्तर नऊ वेळा आलं. त्यातलं एक उत्तर खोटं होतं, कारण बिगरीतल्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गातल्या, एका पोराला घरी राहिलेल्या भावाच्या वतीनंही 'हजर' म्हणायची सवय होती. म्हणजे खरे आठ. मास्तरांनी आठाचा आकडा लिहिला आणि टाक खाली ठेवून शाळेच्या दारातून बाहेर पाहिलं. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर, लांबवर पानांची इरली दिसत होती. पावसात इरलं पाठीवर घेऊन उभं असलेलं पोर लांबून मोठ्या कासवासारखं दिसतं. त्यांच्या शाळेतली उरलेली कासवं सड्यावर गुरं राखत होती.

साल १९३३. अंजनवेलच्या खाडीपासून पाऊण तासाच्या चढणीवर, कातळाच्या कडेला ही वाडी. वर कुणबी शेतकऱ्यांची पंचवीस-तीस घरं आणि खालच्या उतारावर मुसलमान मोहल्ल्यातली दहा-बारा. दोन्हीकडचे कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी बोटीवर. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं, पोरं आणि गुरं. शाळा दोन्हीकडची मिळून एकच होती. वाडीचे गावकर आप्पा यांनी आपला गवत साठवायचा मांगर तिच्यासाठी रिकामा करून दिला होता, त्यामुळे पोरांच्या पुस्तकांनाही वर्षभर गवताचा वास यायचा.

मास्तर स्वतः खेडकडचे, वय चोवीस. सहीच्या जागी अंगठा उठवायची घराण्याची रीत त्यांनीच पहिल्यांदा मोडली. फायनलची परीक्षा पास झाले, रत्नागिरीला राहून ट्रेनिंगचं एक वर्ष केलं आणि तिथून एकच गोष्ट पक्की मनात घेऊन आले. लहान पोराला सांगितलेलं विसरतं, पण त्यानं हातानं केलेलं विसरत नाही. त्यामुळे त्यांच्या शाळेत सारखं काहीतरी बनत असायचं. बांबूच्या नळीची पाणसळ झाली, नारळाच्या करवंटीचा तराजू झाला. शाळेबाहेर घासलेटचा डबा ठेवून त्यांनी पाऊस मोजायचं यंत्र केलं होतं आणि रोज सकाळी त्यातलं पाणी पट्टीनं मोजून वहीत लिहीत. एकदा वाडीतल्या म्हशीनं ते पाणी पिऊन टाकलं, तेव्हा त्यांनी त्या तारखेपुढे प्रामाणिकपणे 'म्हैस' असं लिहून ठेवलं.

पण आठ पोरांचं काय करायचं, याला यंत्र नव्हतं. उन्हाळ्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. हजेरीपट चाळून ते म्हणाले होते, "मास्तर, दिवाळीनंतर मी परत येईन. सप्टेंबरची सरासरी वीस भरली नाही, तर ही शाळा खालच्या बंदराच्या शाळेला जोडावी लागेल. माझाही इलाज नाही."

जोडणं म्हणजे काय, ते मास्तरांना ठाऊक होतं. बंदराच्या वाटेवर एक पऱ्या होता आणि पावसाळ्यात तो कमरेएवढा वाहायचा. मोठी पोरं कशीतरी गेली असती, पण सहा-सात वर्षांची गेली नसती. मोठ्यांनाही पावसाळ्यात गुरं होतीच. भात उभं असेपर्यंत गुरं मोकळी सोडता येत नाहीत, म्हणून प्रत्येक घर आपल्या एक-दोन गुरांमागे एक पोर धाडायचं. जितकी घरं, तितकी पोरं सड्यावर, असा हिशोब.

त्या सोमवारी मास्तरांनी हजेरीपट मिटला आणि समोरच्या आठांना वस्तुपाठ द्यायला घेतला. विषय होता, प्राणी टोळीनं का राहतात.

"एकट्यास भ्या वाटतं," पुढं बसलेल्या चिमानं सांगितलं. चिमा सात वर्षांची. घरच्या दोन गायींमागे ती आणि तिची मोठी बहीण आलटून पालटून जायच्या, म्हणून ती एक दिवसाआड शाळेत दिसायची.

"बरोबर. पण टोळीत गेलं की ते कमी कसं होतं?"

मग मास्तरांनी कोपऱ्यातली चिंचोक्यांची पिशवी जमिनीवर ओतली. चिमाला त्यांनी हरीण केलं. मोहल्ल्यातल्या अयूबला घोंगडी पांघरून वाघ केलं. नियम साधे. हरणानं खाली मान घालून चिंचोके वेचायचे. मान वर असताना वेचायचं नाही. वाघ दिसला की 'वाघ' म्हणायचं, मग वाघानं परत दारापाशी जायचं. न दिसता वाघानं हात लावला, तर हरीण मेलं. मास्तर साठ आकडे मोजणार.

चिमा एक चिंचोका उचलायची की मान वर, परत एक की मान वर. तरी चाळिसाव्या आकड्याला अयूब गवताच्या पेंढीमागून आला आणि त्यानं तिची वेणी धरली. चिमाच्या ओच्यात सात चिंचोके होते.

मग मास्तरांनी पाच हरणं एकत्र सोडली. कुणी कधी मान वर करायची, ते सांगितलं नाही. ज्याला वाटेल त्यानं करावी. साठ आकडे झाले तेव्हा प्रत्येकाकडे पंधरा-सोळा चिंचोके होते आणि अयूब सहाव्यांदा दारापाशी परत गेला होता.

"गुरुजी, असा वाघ उपाशी मरंल," अयूब घोंगडी फेकून म्हणाला.

"मरेल खरा. का ते सांग."

"कोण ना कोण बघतंच. एक बघतो, चार खातात."

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी हातातला खडू स्वतःच्या नाकाला पुसला. पण अयूबचं संपलं नव्हतं. त्याचा बाप रापणीवर जायचा. किनाऱ्याजवळ माशांचा थवा दिसला की होडीतून मोठं जाळं त्याच्याभोवती टाकायचं आणि गावानं मिळून ते किनाऱ्यावरून ओढायचं, ती रापण. अयूब म्हणाला, "पण गुरुजी, तारली तर झुंडीनंच राहते. म्हणून तर एका रापणीत होडी भरंल एवढी गावते. एकेकटी असती तर वाचली नसती काय?"

पुस्तकात हे नव्हतं. "उद्या सांगतो," ते म्हणाले. पोरांना या मास्तरांचं हेच आवडायचं. येत नसेल तर ते 'उद्या' म्हणायचे, छडी उचलायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. समुद्रात मोठा मासा एका वेळी एकच तारली धरतो. शेकडो चमकत्या अंगांतली नेमकी कुठली धरावी, तेच त्याचं ठरत नाही, म्हणून झुंडीतली बरीच वाचतात. रापण माणसानं मागाहून काढली. ती एकीला नाही, झुंडीलाच धरते. "म्हणजे कळप केला की सगळ्यांपासूनच वाचलो असं नाही. कोणापासून वाचायचंय, ते आधी बघायचं."

"आता हे तारल्यांस कोण सांगणार?" अयूब म्हणाला आणि वर्ग हसला.

चिमा हसली नाही. त्या दिवशी तिची शाळेची पाळी नव्हती, पण बहिणीशी भांडून ती आली होती. ती उभी राहिली. "गुरुजी, सड्यावर आमी एकेकटीच हाव. मी आमच्या दोन गायींपाठी, सगुणा तिच्या तिघींपाठी, तिकडं तो बाबल्या त्याच्या रेड्यापाठी. दिवसभर सगळ्यांची मान वर. एकानं वर केली तर बाकीच्यांस चिंचोके येचता येतात. मंग आमी एवढी जणं कशापायी मान वर करून बसतो?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. आपण काल शिकवलेला धडा आपल्यालाच आज समजला, असं त्यांना वाटलं.

त्याच सांजेला ते सहाणेवर गेले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी येऊन बसते तो दगडी ओटा म्हणजे सहाण. वाडीचं कुठलंही बोलणं तिथंच व्हायचं. आप्पा गावकर मध्ये बसले होते, सत्तरीचे, सुपारी कातरत. मास्तरांनी बेत मांडला. सगळ्या वाडीच्या गुरांचा एकच कळप करायचा. त्याच्यामागे रोज दोन घरांतली दोन मोठी माणसं पाळीनं जातील. एका घरावर पंधरवड्यातून एक दिवस येईल. पोरं सुटतील.

"गुरांस पाळी?" कुणीतरी मागून म्हणालं.

"देवळातल्या दिव्यास चालते, ती गुरांस का नाय?" राही म्हणाली. राही एकटी बाई, जिभेनं तिखट. तिच्या गोठ्यात होती ती एकच तांबडी पाडी, लहान कालवड. पोटच्या पोरीसारखी ती तिला वाढवत होती.

"दिव्यास शिंगं नसतात गो," आप्पा म्हणाले. लोक हसले. पण आप्पा बेताला नाही म्हणाले नव्हते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "ठीक हाय, एक कळप. पण पुढं कुणाचं चालणार?"

आता हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पोरकट वाटेल. पण पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, यावरून जिथं दोन-दोन वर्षं बोलणं बंद पडतं, तिथं पन्नास गुरं एका वाटेनं जाणार म्हटल्यावर पहिला पाय कुणाच्या गुराचा, हे आधी ठरलंच पाहिजे. अर्धा तास चर्चा झाली. मान गावकरांचा, म्हणून आप्पांचा कवड्या बैल पुढं चालेल असं ठरलं.

मास्तरांनी लगेच होकार दिला. पुढं कुणीही चाललं तरी कळप तो कळपच, असं त्यांना वाटलं. ही त्यांची चूक.

पहिल्या दिवशी कवड्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. मागे वाडीची आणि वाटेत येऊन मिसळलेली मोहल्ल्याचीही गुरं, सगळी मिळून पन्नासावर. सड्याकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमधून जायची. कवड्या ऐटीत शंभर पावलं चालला आणि वाटेच्या मधोमध उभा राहिला. उभा राहिला तो राहिलाच. डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागला. मागची गुरं पुढच्यांवर आली. शिंगाला शिंग लागलं. एका म्हशीनं गडगा पाडला आणि त्या वाटेनं निम्मी गुरं भाताच्या शेतात शिरली. शेत आप्पांचंच होतं. उरलेली तीन दिशांना पांगली.

सांज होईपर्यंत ज्यानं त्यानं आपापली गुरं हुडकून आणली. राहीची पाडी तेवढी मिळाली नाही.

सहाणेवर कुणी आरडाओरडा केला नाही, पण बोलायचं ते बोलले. "मास्तर, तुमचे चिंचोके परत घ्या." "उंटावरून शेळ्या हाकणारा बघितला नव्हता, तो बघितला." आप्पा नुसती सुपारी कातरत राहिले, ते जास्त लागलं. राही जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाडी गावली नाय तर उद्यापासनं तुमच्या शाळेच्या दारात येऊन बसेन मी. मला दुसरं काय काम उरणार हाय?"

उजाडता उजाडता मास्तर सड्यावर गेले. करवंदीच्या जाळ्या, पऱ्याचा काठ, कातळातली डबकी, सगळं पाहिलं. बिबट्याचे ठसे दिसू नयेत असं मनाशी म्हणत जमीन बघत चालले. शेवटी मोहल्ल्याच्या बाजूनं उतरले, तर हाजराबीच्या गोठ्यात राहीची पाडी उभी. शेजारी हाजराबीची म्हातारी गाय, भुरी. पाडीनं तिच्या पाठीवर मान टाकली होती.

"काल सांजंला हिच्या मागनं आली," हाजराबी शेणाची पाटी खाली ठेवत म्हणाली. पन्नाशीची बाई, नवरा आफ्रिकेच्या बोटीवर. "दोरीसुदीक लावली नाय मी. आता वर आणून देणारच होते."

"पण हिच्याच मागून का आली?"

"सगळीच येतात की, मास्तर. तेरा वेतं झाली तिची. पाणी कुठं, गवत कुठं, पाय कुठं रुततो, सगळं तिला ठाऊक. तुमी हिला पुढं नव्हती घातली?"

"पुढं कवड्या होता. गावकरांचा."

हाजराबीनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही दबलं नाही. "अवो, तो औताचा बैल. जन्मभर कुणीतरी मागनं 'हय्या' म्हणणार तेव्हा चालायचं, 'हो' म्हटलं की थांबायचं. काल मागनं कुणी 'हय्या' म्हणालं काय?"

कुणीच म्हणालं नव्हतं. गावकरांच्या मानाच्या बैलाला हाकणार कोण?

मास्तर पाडी घेऊन वर आले. राहीनं ती हातात घेतली, तिचे कान, पाय, पोट सगळं चाचपलं आणि आत नेली. थोड्या वेळानं ती परत बाहेर येऊन म्हणाली, "चहा घेऊन जा."

चहा पितानाच मास्तरांनी ठरवलं की आता आधी बघायचं, मग बोलायचं. पोरं सड्यावरच होती, म्हणून त्यांनी शाळाच सड्यावर नेली. तीन दिवस दुपारी, जवळपास भात नाही अशा मोकळ्या कातळावर, पोरांनी गुरं एकत्र चरू दिली. प्रत्येकाच्या हातात पाटी होती. चरता चरता कळप एका जागेवरून दुसरीकडे निघाला की कुणाचं पाऊल आधी पडलं ते बघायचं आणि त्या गुराच्या चित्राखाली एक टिंब काढायचं. गुरांची चित्रं पोरांनीच काढली होती. अयूबनं काढलेली म्हैस बोटीसारखी दिसत होती, पण ती म्हैस आहे हे सगळ्यांना मान्य होतं.

तीन दिवसांत कळप अठरा वेळा हलला. चौदा टिंबं भुरीखाली पडली. कवड्याखाली एकही नव्हतं. तो नेहमी शेवटी निघायचा.

मास्तर पाट्या घेऊन परत सहाणेवर गेले. त्यांनी पाट्या ओळीनं मांडल्या आणि बाजूला उभे राहिले. आप्पांना अक्षर येत नव्हतं, पण टिंबं मोजता येत होती. त्यांनी प्रत्येक पाटीवर बोट ठेवून मोजलं.

"ही सगळी टिंबं कुणाची?"

"भुरीची. हाजराबींच्या."

मग मागून एक आवाज आला, "म्हंजे मोहल्ल्यातली गाय वाडीच्या गुरांपुढं चालणार?"

"माझी पाडी तिच्या गोठ्यात निजली म्हणून आज हाय," राही म्हणाली. "नायतर बिबट्याच्या मागं चालली असती."

हाजराबी सहाणेच्या खालच्या पायरीशी उभी होती. ती म्हणाली, "पुढं चालंल ती. पण मंग पाळीत आमची घरं पण धरा. आमची पोरं काय कमी भिजतात?"

सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. आप्पा आता नाही म्हणाले, तर सप्टेंबर गेला, शाळा गेली आणि चिमा उद्या परत एकटी मान वर करून उभी राहणार होती.

"पालखी निघते," आप्पा शेवटी म्हणाले, "तेव्हा सगळ्यांत पुढं काय असतं?"

"ढोल," दोघं-तिघं म्हणाले.

"आणि देव?"

"देव मागं."

"मंग ढोल पुढं गेला म्हणून देवाचा मान गेला काय? कवड्या शेवटास चालंल. भुरीच्या गळ्यात घंटा बांधा. आणि मोहल्ल्याची घरं पाळीत धरा, उद्या परत भांडण नको."

"आप्पांनी बैलाचा देव केला," राही मास्तरांच्या कानाशी पुटपुटली.

पुढं चालणं हा मान नसून काम आहे, हे आप्पांना समजावून सांगायला मास्तरांची जीभ वळवळत होती. पण त्यांनी ती आवरली. बरोबर उत्तर आलं असताना रीत तपासत बसू नये, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं, ते त्यांना सहाणेवर समजलं.

गणपती झाले आणि कळप निघाला. पुढं भुरी, तिची घंटा टणटण करत, मध्ये सगळी, शेवटी मान डोलावत कवड्या. त्याच्यामागे पाळीची दोन माणसं. ती मागे होती म्हणून कवड्यालाही चालायला हरकत वाटली नाही. हजेरीपटात आठाचे चौदा झाले, चौदाचे एकोणीस. दुसऱ्या आठवड्यात चोवीस पोरं आली आणि बसायला गोणपाटं पुरली नाहीत.

सप्टेंबर निम्मा सरला होता. एका दिवशी राही आणि हाजराबी यांची पाळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर राहीच्या दारात गेले आणि म्हणाले, "राहीवयनी, काल काय झालं ते पोरांना येऊन सांगा."

"मी? मी अडाणी बाई, तुमच्या शाळेत काय सांगू?"

"आज तुम्ही मास्तर. मी खाली बसतो."

आणि ते खरंच पोरांत मांडी घालून बसले. राही दारातच उभी राहिली. आत यायला तयार होईना, पाय चिखलाचे म्हणाली. पण बोलायला लागली तशी एकेक पाऊल आत येत गेली.

"दुपारची वेळ. मी आणि हाजराबी भाकर सोडून बसलो होतो. भुरीनं मान वर केली. म्हटलं माशी बसली असंल. मंग तिनं कान पुढं केले. मंग घंटा थांबली. पोरांनो, ती घंटा दिवसभर वाजते, म्हणून आपल्यास ऐकू येत नाय. थांबली तेव्हा ऐकू आली बघा. एकापाठी एक सगळ्यांनी चरायचं सोडलं. वासरं आत सरली, म्हशी भायेर, शिंगं भायेर. कुणी सांगितलं नाय, कुणी हाकलं नाय. आणि करवंदीच्या जाळीतनं बिबट्या निघाला."

पोरं एकमेकांना खेटून बसली.

"निघाला आणि बसला. मांजरासारका. शेपूट हलवी. हाजराबीनं माझा हात धरला, मी तिचा. तो इकडं बघी, तिकडं बघी. झेप घ्यायची तर कुणावर? सगळी अंगास अंग लावून उभी."

"तारल्यांसारकी," अयूब म्हणाला. "कुठली धरू तेच ठरंना."

"तसंच. मंग उठला, आळस दिला आणि गेला."

"आणि कवड्या काय करत व्हता?" एका पोरानं विचारलं.

"कवड्या?" राही हसली. "देव हाय ना तो. डोळं मिटून रवंथ करत व्हता. एक पाऊल सरकला नाय." मग ती थोडी थांबली. "पण त्याच्या पोटाखाली माझी पाडी उभी व्हती. तेवढं त्याच्या नावावर लिवा, मास्तर."

मास्तरांनी उठून भिंतीवरच्या फळ्यावर कवड्याचं चित्र काढलं आणि खाली एक टिंब दिलं.

दिवाळीनंतर दिपोटीसाहेब आले. वाटेत पाय घसरून त्यांच्या धोतराला तांबडी माती लागली होती. त्यांनी हजेरीपट मागितला. सप्टेंबरची बेरीज त्यांनी स्वतः दोनदा केली. सरासरी बावीस. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "ही वाढ कशानं?"

"गुरं एकत्र केली, साहेब," मास्तर म्हणाले. साहेबांना हे नीट कळलं नसावं. त्यांनी बिगरीकडे वळून पुढच्याच मुलीला उभं केलं. ती चिमा होती.

"प्राणी कळपानं का राहतात?"

मास्तरांनी पोरांकडून याचं उत्तर घोकून घेतलं होतं, 'शत्रूपासून संरक्षण मिळावे म्हणून.' चिमानं ते म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब," चिमा म्हणाली, "एकाची मान वर असली की बाकीच्यांस खाली घालता येते."

"खाली घालून काय करतात?"

"गुरं चरतात. आमी लिवतो."

त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. सड्यावर एकही सुटा ठिपका नव्हता, सगळे ठिपके एकाच ठिकाणी होते आणि तिथून बारीक टणटण ऐकू येत होती. त्यांनी चष्मा पुसला, शेरेबुक ओढून घेतलं आणि लिहिलं, 'शाळा चालू ठेवावी. बिगरीची तयारी समाधानकारक. पर्जन्याच्या नोंदी नियमित आहेत, मात्र म्हैस हे माप नव्हे.'

मास्तर त्या वाडीतच राहिले. दोनदा बदली आली, दोन्ही वेळा वाडीनं आणि मोहल्ल्यानं मिळून अर्ज केला. सरासरी परत कधी विसाच्या खाली गेली नाही. मांगराचं छप्पर कौलारू झालं, आणि दर पावसाळ्यात बिगरीची नवी पोरं चिंचोक्यांवर वाघ-हरीण खेळत राहिली.

सदतीस सालच्या श्रावणात भुरी गेली. म्हातारपणानं, आपल्या गोठ्यात, झोपेत. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजराबी घंटा घेऊन वर आली आणि मास्तरांच्या हातात देऊन बाजूला उभी राहिली. वाडीची आणि मोहल्ल्याची माणसं गडग्यापाशी जमली होती. आप्पा काठीवर भार देऊन आले. आता बोलणं होणार, असं मास्तरांना वाटलं. पुढं कुणाचं, हा प्रश्न परत उभा होता.

पण कुणीच बोललं नाही. गुरं सोडली आणि सगळे नुसते बघत राहिले. वाटेच्या तोंडाशी साठ गुरं उभी होती. कवड्याच्या जागी आलेला नवा बैल मागे होता, कारण त्याला कुणी पुढं ढकललंच नव्हतं. चिमा आता अकरा वर्षांची, चौथीत होती. तिनं न सांगता पिशवीतून पाटी काढली. बराच वेळ काही झालं नाही. एक वासरू ओरडलं. मग मधल्या गर्दीतून एक तांबडी गाय वाट काढत पुढं आली, गडग्यांमधल्या वाटेकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि चालू लागली. तिच्यामागे दुसरी, मग चार, मग सगळी.

ती राहीची पाडी होती, आता दोन वासरांची आई झालेली. राहीनं तोंडावर हात धरला. हाजराबी धावत पुढं गेली, चालत्या गाईच्या गळ्यात तिनं घंटा बांधली आणि तिच्या मानेवर एकदा थोपटून परत आली. चिमानं पाटीवर एक टिंब दिलं.

घंटेचा आवाज सड्याकडे चढत गेला. मास्तर तिथंच उभे होते. आप्पांनी काठी आपटली.

"बघत काय राहिलात, मास्तर," ते म्हणाले, "शाळा भरायची वेळ झाली."